तांड्यावर ठेवलेली लाल तेलाची बाटली

मी पांढरकवड्याला दोनदा गेले. पहिल्यांदा येताना दोन पाट्या आवळे, बोरं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाला आणला, आणि आमच्या प्रयोगशाळेत माझं कौतुक झालं. दुसऱ्यांदा येताना काही आणलं नाही. अजून लोक विचारतात, "यवतमाळकडे गेला होतात म्हणे? काय आहे हो तिकडे पाहण्यासारखं?" मग मी सागाचं जंगल सांगते, कापसाची पांढरीशुभ्र शेतं सांगते, तोंड पोळवणारा रस्सा सांगते आणि चहा मागवते. आज चहा मागवायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

पांढरकवडा

बासष्ट साल, माघाचा महिना. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत तेलं तपासते. तेल खवट का होतं, हा माझा विषय. लग्नाकार्यात कोणी विचारलं आणि मी सांगितलं, की समोरच्याला दुसरीकडे कोणीतरी ओळखीचं दिसतं. पण गोष्ट साधी आहे. हवा लागली की तेल बिघडतं. मात्र काही तेलांत अशी द्रव्यं असतात की हवा आधी त्यांच्यावरच तुटून पडते आणि तेल वाचतं. आवळ्यात, पालेभाज्यांत, लाल-पिवळ्या फळांत तशीच द्रव्यं असतात. आमच्या सरांच्या मनात आलं, की जे बाटलीतल्या तेलाला वाचवतं ते माणसालाही वाचवत असेल. गोवरासारखा विषाणूचा आजार आला की अंगात जाळपोळ माजते, आणि ही द्रव्यं भराभर संपतात. ती आधीपासून शिलकीत असली तर मूल तग धरेल, छाती भरणार नाही, डोळे जाणार नाहीत. डोळ्यांचं दुखणं डॉक्टरांनी पाहिलेलं होतं. बाकी सगळं आमचं 'बहुधा' होतं. त्या 'बहुधा'ला आधार शोधायला मला केळापूर तालुक्यात, म्हणजे पांढरकवड्याकडे, धाडलं. तिथले लोक रानातलं काय काय खातात, त्याचे नमुने आणायचे.

बरोबर एक लाकडी पेटी होती. तिच्यात काचेची नळकांडी, निळ्या रंगाची पूड, लहान तराजू आणि लाल तेलाच्या चार बाटल्या. हे तेल मलायातून आलेलं, ताडासारख्या एका झाडाच्या फळांचं. रंग गाजराच्या रसासारखा, आणि डोळ्यांना हवं असलेलं द्रव्य त्यात ठासून भरलेलं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. "एखाद्या बालवाडीत मुलांना चव आवडते का पाहा," असं सर जाता जाता म्हणाले होते.

वर्ध्यापर्यंत रेल्वे आणि पुढे मोटार. त्या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की तराजूचं एक पारडं वाटेत कुठेतरी पडलं. पांढरकवड्याच्या एका वाण्याने आपली तागडी उसनी दिली. ती हळद-मिरची तोलणारी, त्यामुळे माझ्या पहिल्या दिवसाच्या सगळ्या नमुन्यांना तिखटाचा वास होता, आणि मी शिंकत शिंकत वजनं घेतली.

माझी व्यवस्था शांताकडे होती. शांता तिथली ग्रामसेविका, वय तेवीस, मूळची उमरखेडची. सायकलवरून खेड्यांत जायची, आणि गावातले बाप्ये बघत राहिले की घंटी वाजवून म्हणायची, "पाहून झालं असंन तं वाट सोडा." पहिल्या संध्याकाळी तिने वांग्याचा रस्सा केला. वर बोटभर तेल तरंगत होतं. आमच्याकडे तेवढ्यात आठवडा काढतात. मी चमच्याने ते बाजूला सारायला लागले तर शांताचा चेहरा पडला.

"तर्री काहून काढून राह्यल्या बाई? तेच तं खायचं असते."

"इतकं तेल सोसत नाही गं."

"तुमी तेलाच्या बाई, आन् तुमालेच तेल नाई सोसत?" ती खळखळून हसली. मीही हसले. त्या तर्रीत भाकरी कुस्करून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून बसले, पण तिला कळू दिलं नाही. कोथिंबिरीला ती सांबार म्हणते, टमाट्याला भेदरं, लाल भोपळ्याला कोहळं. दोन दिवसांत मला वाटायला लागलं की मला सगळं समजतं.

बाजारात निळं पाणी

आठवडी बाजारात एक कोलाम आदिवासी बाई आवळे घेऊन बसली होती. जंगलातले, लहान, कडक, तुरट असे की दात आंबतात. मी तिची सगळी पाटी घेतली तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. एवढ्या आवळ्यांचं एकटी बाई काय करणार? शांताने सुचवलं, "इथंच दाखवा ना तुमची ती निळ्या पान्याची गंमत. बाया जमतीन."

मी पेटी उघडली. निळी पूड पाण्यात विरघळवली, आवळा ठेचून फडक्यातून रस पिळला आणि थेंब थेंब सोडला. निळं पाणी आधी गुलाबी झालं आणि मग रंगच नाहीसा झाला. बाया पुढे सरकल्या. मी पालकाचा, बोराचा, कोथिंबिरीचा रस घालून दाखवला. कशाला जास्त थेंब लागले, कशाला कमी; ज्यात ती वाचवणारी द्रव्यं जास्त, त्याला थेंब कमी. मग व्याख्यान दिलं. हाच रस अंगात गेला की तापाशी झुंजतो, पोरांना आवळे द्या, पाला द्या, कोहळं द्या, पपई द्या. मला बोलायला आवडतं, हे मी लपवत नाही.

कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली, आरशांची चोळी ल्यालेली एक म्हातारी मागे उभी होती. तिने विचारलं, "रंग खाल्ला त्यानं, हे पाह्यलं. माता खाते का?"

माता म्हणजे गोवर. हा रस गोवरालाही खातो का, असं ती विचारत होती. खरं उत्तर होतं, 'माहीत नाही, तेच बघायला आलेय.' हे उत्तर माझ्या तोंडातून आलं असतं तर मी जरा बरी बाई ठरले असते. मी म्हणाले, "हो, खातो."

"बरं बाई," म्हातारी म्हणाली आणि निघून गेली. शांताने सांगितलं, ही लछमीयाडी. याडी म्हणजे आई. पलीकडच्या बंजारा तांड्यावर सगळे तिला तसंच म्हणतात. तांड्यावर तिचा शब्द चालतो.

तांडा

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या तांड्यावर गेलो. पांढरकवड्यापासून दोन तास पायी, वाटेत पळस नुकता कळ्यांनी काळा झालेला, बाया कापसाच्या शेवटच्या वेचणीत. हे लोक एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत. आता त्यांची शेती आहे, पण घरं गावात नाहीत, गावापासून दूर, आपली आपली. माझ्या पुण्यात शेजाऱ्याच्या घरी जायचं तर आधी निरोप पाठवावा लागतो. इथे मी तांड्याच्या तोंडाशी पोचायच्या आत कोणीतरी बाज टाकली, त्यावर गोधडी अंथरली, आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. गोधडीवर इतकं बारीक भरतकाम होतं की तिच्यावर बसायला मला लाज वाटली.

लछमीयाडीच्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता. तो मी पाहिला. पाहिला आणि आत शिरले.

आत बाजेवर पाच वर्षांची सोनी पडली होती. लछमीयाडीची नात. अंगावर पुरळ उठून दुसरा दिवस, डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, अंग तव्यासारखं तापलेलं. तिची आई जमनी उशाशी बसून कडुलिंबाच्या पानांनी तिला वारा घालत होती. मी शांतामार्फत चार प्रश्न विचारले. तांड्यावरच्या बाया बाहेरच्यांशी वऱ्हाडीत बोलतात, पण शांता असली की मला धीर वाटे.

"आजाराच्या आधी हिची नजर कशी होती?"

"दिवसा चांगली," जमनी म्हणाली. "सांज झाली का हिले दिसत नाई. दाराले धडकते. मले वाटे, वेंधयी हाय पोट्टी."

सांजेला न दिसणं म्हणजे डोळ्यांना लागणारं द्रव्य अंगातून संपत आल्याची खूण. उरलंसुरलं आता गोवर खाणार. अशा मुलांची बुबुळं चार-आठ दिवसांत मऊ पडतात, पांढरी होतात आणि जातात. पुस्तकात चित्रं पाहिली होती. आणि त्यावरचं औषध माझ्या पेटीत होतं, लाल, मलायातून आलेलं. मी चव पाहायला आणलेलं तेल आता या एका पोरीच्या डोळ्यांसाठी होतं. आयुष्यात क्वचितच आपण योग्य जागी योग्य वस्तू घेऊन पोचतो. मला खरोखर आनंद झाला, आणि तो सांगायला मला आज लाज वाटते.

मी बाटली काढली. उन्हाने तेल पातळ झालं होतं. झोपडीच्या अंधारात दारातून आलेल्या तिरिपेत ते कुंकवासारखं चमकलं. जमनीने 'मा य!' म्हणून दोन्ही हात पुढे केले, बाटली घेतली आणि कपाळाला लावली.

"रोज दोन चमचे," मी म्हणाले. "सकाळी एक, संध्याकाळी एक. भाकरीबरोबर, भाताबरोबर, कशाबरोबरही. आठ दिवस. एक दिवस चुकवू नका, हिचे डोळे यावर आहेत."

लछमीयाडी कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "बरं बाई."

शांता माझ्या कानाशी आली. "बाई, जरा थांबा. मातेच्या घरात तेल म्हंजे..."

"तू फक्त त्यांना नीट समजावून सांग, दोन चमचे."

"समजलं त्याईले. पन बाई, आज मुक्काम करू ना. मले बुडीशी बोलू द्या."

बुडी म्हणजे कोपऱ्यातली ती म्हातारी. पण दुपारच्या मोटारीने मला निघायचं होतं. आवळे तोडून तीन दिवस झाले होते, पाला तर त्याहून नाजूक. तो प्रयोगशाळेत वेळेवर पोचला नाही तर ज्या द्रव्यासाठी एवढा खटाटोप तेच उडून जाणार. हे मी शांताला समजावून सांगितलं, जरा चिडूनच. तिने मान खाली घातली. ती सरकारी नोकर, मी पुण्याहून आलेली. वाद घालायचा तिचा अधिकार नाही असं मी समजले, आणि तीही तसंच समजली.

निघताना जमनीने पदरात बोरं घातली. तांड्याच्या टोकापर्यंत पोचवायला आली. मला फार बरं वाटलं.

पुण्यात

नमुने चांगले पोचले. आवळ्याचे आकडे पाहून सर खुर्चीतून उठले. मी सोनीची हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "वा! हे म्हणजे नकळत प्रयोगच झाला. पत्र टाकून काय झालं ते विचारा." मी शांताला पत्र टाकलं. दोन आठवड्यांनी तिचं कार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या: 'सोनी जगली. तुम्ही एकदा या.'

मी पहिली ओळ वाचली. खरं तर दोन्ही वाचल्या, पण दुसरी मला आमंत्रण वाटली. कार्ड प्रयोगशाळेत हातोहात फिरलं. कोणीतरी पेढे आणले. सर म्हणाले, मोह फुलला असेल, त्याचेही नमुने आणा आणि त्या मुलीला बघून या, दोन ओळी अहवालात घालू. मी आणखी दोन बाटल्या पेटीत भरल्या.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती वाती वळत होती. तिने सहज विचारलं, "गोवराच्या घरात तेल दिलंस? त्यांनी घेतलं?"

"का नाही घेणार?"

"तुला झाला होता तेव्हा पंधरा दिवस या घरात फोडणी दिली नव्हती. तुझ्या आजीने तेलाचा बुधला उचलून माळ्यावर ठेवला होता. तुझे बाबा वैतागले होते बिनफोडणीची आमटी खाऊन."

मी तिला म्हटलं, तो जुना काळ होता. आई पुन्हा वाती वळायला लागली. मोटारीत बसेपर्यंत मी ते विसरले असं लिहिलं तर खोटं होईल. वर्ध्याच्या अलीकडे ते मला आठवायला लागलं आणि मग पांढरकवड्यापर्यंत थांबलं नाही. आमच्याच घरातली रीत. दाराला कडुलिंबाचा डहाळा आमच्याही होता. शिक्षण झालं आणि हे सारं मी जुन्या कपड्यांसारखं बाजूला टाकलं, तेही इतकं की दुसऱ्याच्या दारात तोच डहाळा पाहून मला काही आठवू नये.

पुन्हा तांडा

होळीला आठवडा होता. मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास रानभर, बाया पहाटेपासून टोपल्या घेऊन झाडांखाली. पळस आता पेटलेला. दुसऱ्या कुठल्याही वेळी मी त्या वाटेचं पानभर वर्णन केलं असतं. शांता सायकल हातात धरून माझ्या बरोबरीने चालत होती. मी विचारलं, "सोनी बरी आहे ना?"

"पाहाल तं तुमीच."

"शांता, मला आत्ताच सांग."

तिने सायकल थांबवली. "जीव वाचला बाई. डोये गेले. उजवा तं पुरा पांढरा. डाव्यानं ऊन हाय का सावली, एवढंच समजते तिले. पत्रात लिहवलं नाई मले."

दाराशी डहाळा नव्हता. सोनी उंबऱ्यावर बसून मोहाची फुलं चाचपून निवडत होती, काड्या एकीकडे, फुलं एकीकडे. काम चोख होतं. अंगावर थोडं मांस धरलं होतं. तिने तोंड आवाजाच्या दिशेने वळवलं, आणि मग मी ते डोळे पाहिले. पुस्तकातल्या चित्रांत ते इतके वाईट दिसत नाहीत.

जमनी धावत बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. मी मागे सरकले तरी तिने पाय सोडले नाहीत.

"तुमच्या तेलानं जीव राह्यला बाई माह्या पोरीचा! काय तेल होतं ते! सात दिवस दिवा इझला नाई. काजयी नाई, धूर नाई. आमचं तेल तं रातभर पुरत नाई."

मला समजायला थोडा वेळ लागला. घराच्या मागे कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले दगड आहेत, ती त्यांची माता. पोरगी आजारी पडली त्या दिवसापासून त्यांनी तिथे दिवा लावला होता. मातेच्या घरात रोग्याच्या पोटात तेल जायचं नाही, ही रीत. पण पाहुणीने दिलेली वस्तू टाकून द्यायची नाही, हीही रीत. आणि तेल कुंकवाच्या रंगाचं, लांबून आलेलं, घरातल्या कुठल्याही तेलाहून उत्तम. मग ते कोणाला द्यायचं? त्यांनी घरातलं सगळ्यात चांगलं जे होतं ते जिच्या हातात पोरीचा जीव होता तिला दिलं. एक थेंब स्वतःच्या भाकरीवर घातला नाही. बाटली रिकामी झाल्यावर धुऊन, पुसून, दगडांशेजारी ठेवली होती. माझी चिठ्ठी तिच्यावर तशीच होती: दिवसातून दोन चमचे.

मी खाली बसले. मला राग आला. जमनीचा नाही, म्हातारीचा आला, कारण तिचा येणं सोपं होतं. मी म्हणाले, "लछमीयाडी, मी सांगितलं होतं ना, पोटात द्यायचं म्हणून? तुम्ही 'बरं' म्हणालात. मग त्याच वेळी 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"घरी आलेल्या बाईले नाई कसं म्हनाव?" तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "तुमी औषध म्हनून देल्लं. मातेच्या घरात औषध चालत नाई. तेल चालत नाई."

"काहीच चालत नाही?"

"चालते ना. थंड पानी चालते. मातेपुढं ठेवलेलं चालते."

"म्हणजे?"

म्हातारी एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. "काहीबी असो. मातेपुढं ठेवलं, तिनं घेतलं, मंग जे राह्यलं ते तिचं. ते तिरथ झालं. तिरथ तेल असते का, पानी असते का, कोन पाहाते? तिरथ लेकराच्या तोंडात घालाच लागते. नाई म्हनता येत नाई."

"मग हे तेल तिच्यापुढे ठेवून..."

"ठेवता आलं असतं. चमचा चमचा देता आलं असतं."

"मग दिलं का नाही?"

"तुमी ते सांगतलंच नाई. तुमी म्हनल्या, भाकरीसंगं द्या." ती सोनीजवळ टेकली. "काय चालते, काय नाई, तुमी विचारलं असतं तं सांगतलं असतं. कोनी विचारलं नाई."

शांता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "मी त्या दिवशी हेच बोलून राह्यली होती बाई. बुडीले विचारू द्या म्हनून."

या पोरीचे डोळे त्या तेलाने नक्की वाचले असते असं मी म्हणू शकत नाही. कदाचित नसतेही वाचले. आमचं सगळं शास्त्र अजून 'बहुधा'वर उभं आहे. सरांनी नंतर मला याच शब्दांनी धीर दिला, आणि ते बरोबरच होतं. पण त्या तांड्यावर कोणी अडाणीपणा केला असेल तर तो मी केला. त्यांना आपली रीत ठाऊक होती, तिच्यातली पळवाटही ठाऊक होती. मला आवळ्यात काय आहे ते ठाऊक होतं, आणि तो वाया जाईल म्हणून मी एक दिवस थांबले नाही. आवळे काय, पुढच्या वर्षी पुन्हा येणारच होते.

चौथ्या घराच्या दाराला ताजा डहाळा होता. तिथलं दोन वर्षांचं मूल आदल्या दिवसापासून तापलेलं. जमनी म्हणाली, "त्यायलेबी द्या ना बाई एक बाटली. दिव्याले."

मी बाटली काढली, पण तिच्या हातात दिली नाही. लछमीयाडीला दिली आणि विचारलं, "कसं करायचं, तुम्ही सांगा." तिने मला पायातल्या वहाणा काढायला लावल्या, डोक्यावर पदर घ्यायला लावला. झाडाखाली आम्ही चौघी बसलो. तिने दिव्यात चार थेंब घातले, बाटली शेंदराच्या दगडांपुढे ठेवली, आणि त्यांच्या भाषेत हळूहळू बरंच काही बोलली. मला त्यातलं काहीच समजलं नाही, आणि मी मध्ये बोलले नाही. मग त्या मुलाची आई त्याला कडेवर घेऊन आली. म्हातारीने चमचा भरून त्याच्या तोंडात ओतला. मूल तोंड वाकडं करून रडलं आणि गिळलं. कोणी हरकत घेतली नाही. रोज दोन्ही वेळा असंच करायचं म्हणून तिने त्या आईला बजावलं, माझ्यापेक्षा कितीतरी कडक आवाजात. आठ दिवस मी तिथेच राहिले. मोहाचे नमुने घेतले नाहीत. ते मूल नीट उठलं, डोळ्यांसकट. ते तेलाने, की त्याचं दुखणंच मुळात हलकं होतं, कोण सांगणार.

पण सांगायचं आहे ते त्या आठ दिवसांतल्या पहिल्या दिवसाचं. चमचा बाटलीला लागून वाजला तशी सोनी उंबऱ्यावरून उठली आणि भिंत धरत झाडाखाली आली. चमच्याच्या आवाजाकडे तोंड करून तिने आ केला, तिरथ सगळ्या लेकरांना मिळतं म्हणून. लछमीयाडीने माझ्याकडे चमचा दिला. मी भरला आणि सोनीच्या तोंडात घातला. तिने ते जिभेवर घोळवलं, गिळलं, आणि आईकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी शांताला विचारलं.

"विचारून राह्यली," शांता म्हणाली, "आता दिसंन का म्हनून."

जमनी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.